एकशे सहा फूट

छत एकच. कागद तीन.
भदौरियाच्या कागदावर ते पाचशे वीस फूट आहे,
बालाजी रूफिंगच्या रंगीत कागदावर चारशे पासष्ट.
इकरार मिस्त्रीकडे कागदच नव्हता.
त्याने टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं,
दुसरं घेऊन गच्चीच्या कडेपर्यंत गेला,
म्हणाला, आप ही पढ़ लो, बाईजी.
अठरा गुणिले तेवीस.
चारशे चौदा.

एकतीस वर्षं मी एजी ऑफिसात
दुसऱ्यांचे पूल तपासले, दुसऱ्यांच्या धर्मशाळा,
कधीच न खणलेल्या विहिरींचं पाणी
लाल रिफिलने परत मागितलं.
माझ्याच डोक्यावरचं मात्र
आजवर कधी मोजलं नव्हतं.

भदौरिया वर चढलाच नाही.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून म्हणाला, सब सड़ गया है.
(दगड सडतो? विचारणार होते, पण त्याचा चहा उतू चालला होता.)
सत्तर टक्के आज द्या, सोमवारपासून रेट वाढतोय,
मुळ्येसाहेबांचं आम्हीच केलं, विचारा हवं तर.
मी विचारलं.
मुळ्ये म्हणाले, केलं हो, छान केलं,
पूर्वी स्वैपाकघरात गळायचं, आता देवघरात गळतं.

बालाजीच्या पोराने टॅबवर माझंच घर दाखवलं:
वर निळे पत्रे, शेजारी नारळ.
जनकगंजात, मे महिन्याच्या लूत, नारळ!
पोरगा गोड होता, बूट काढून आला होता.
त्याच्या कागदावर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात:
मलबा उचलणे मोफत.
मोफत हा शब्द दिसला
की माझा अंगठा आपोआप त्या ओळीवर जाऊन बसतो.

इकरारने हातोडी उलटी धरली,
दांड्याने एकेक पटिया ठोकली, कान लावून.
ये बोल रही है. ये भी. ये गूँगी हो गई.
शेहेचाळीस पटिया. मुक्या अकरा.
बाकीच्या पस्तीस आमच्यानंतरही बोलतील म्हणाला,
एक गर्डर मात्र शंकेचा, उघडल्याशिवाय आकडा सांगणार नाही.
म्हणजे मोफतच्या मलब्यात
पस्तीस धडधाकट दगड जाणार होते.
दगडाच्या टालावर जाऊन भाव विचारून आले. गप्प बसले.

दुपारी तिन्ही आकडे एकाखाली एक मांडले
आणि भदौरियाच्या फुटांतून माझे फूट वजा केले.
एकशे सहा.
रकमेकडे लक्षच गेलं नाही.
एकशे सहा फूट छत, कुणाच्या डोक्यावरचं?
त्याखाली एक खाट मावते,
एक ट्रंक, शिलाई मशीन, खिडकीत तुळस.
अठ्ठ्याऐंशी साली शालन ट्रंक घेऊन आली होती,
मी दारातच म्हटलं होतं, बघतेस ना, जागा कुठे आहे.
तिने छताकडे पाहिलं होतं.
तीही तेव्हा मोजत असणार.
माझं ते बिल
कुणी तपासलं नाही.

भदौरियाला फोनवर नाही म्हटलं.
बालाजीच्या पोराला म्हटलं, नारळ छान होता.
इकरारला म्हटलं, लिहून दे.
तो म्हणाला, जबान दी है.
मी म्हटलं, जबान ठेव तुझ्याकडे, मला आकडा दे.
मग मीच लिहिलं, वहीच्या पाठकोऱ्या पानावर:
अकरा पटिया, चुना, मजुरी, दगड उतरेल तसे पैसे,
गर्डर उघडल्यावर, दोघांच्या समोर.
त्याने सही केली, सावकाश,
प्रत्येक अक्षरावर थांबत, दगडावर कोरावी तशी.

रात्री झोप येईना.
लाटणं घेऊन वर गेले.
किल्ल्यावरचे दिवे, खाली कुणाचा तरी कूलर घरघरतोय,
आणि मी, एकसष्ट वर्षांची, ओणवी होऊन
स्वतःचंच घर ठोकत होते.
ठण. ठण. ठण. बद्द.
पुन्हा पहिल्यापासून मोजलं.
बारा.

त्याच्याकडून एक सुटली,
की माझा कानच तसा झालाय?
उद्या आठला येणार आहे.
विचारीन.